मे ते चवथ : रीफ टँकवाल्यांची तयारीची यादी

गोव्यात घरी रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये जिवंत कोरल (प्रवाळ) ठेवायचंय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, लाईट कुठला घेऊ, किती वॅट, निळा किती आणि पांढरा किती. लाईट नंतर बघू. इथे टँकची वाट लागते ती मे महिन्याच्या गर्मीने, पहिल्या पावसात जाणाऱ्या विजेने, आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घर बंद करून सगळे गावी जातो त्या चार-पाच दिवसांत. म्हणून यादी त्याच क्रमाने लिहितोय. एप्रिलमध्ये सुरुवात केली तर सगळं आरामात उरकतं, जूनमध्ये जाग आली तर धावपळ.

त्याआधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या, कोरल कुठलं ठेवायचं. हार्ड कोरल, म्हणजे अ‍ॅक्रोपोरा, ब्रेन, हॅमर वगैरे दगडी सांगाडा करणारे सगळे, 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, सी फॅन पण त्यातच, आणि समुद्री घोड्यांनाही याच कायद्याचं संरक्षण आहे. दुकानदार 'काही होत नाही हो' म्हणेल, पण पुढे काही झालंच तर टँक तुमच्या हॉलमध्ये असणार, त्याच्या नाही. मेलेल्या कोरलचा तुकडासुद्धा यातून सुटत नाही, त्यामुळे गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या ग्रँड आयलंड बेटावर डायव्हिंगला गेलात तर आठवण म्हणून काही उचलून आणू नका, आणि दुकानात टँकमध्ये रचायला 'लाईव्ह रॉक' म्हणून जे दगड देतात ते बऱ्याचदा जुनं कोरलच असतं, त्याऐवजी सिरॅमिक रॉक घ्या, थोडे महाग पडतात पण डोक्याला ताप नाही. मग उरतात सॉफ्ट कोरल : झोआ, मशरूम, लेदर, झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप. माझ्या मते घरच्या टँकला हेच बरे, कॅल्शियमच्या बाटल्या रोज मोजत बसायला लागत नाही, दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की बरंचसं भागतं. फक्त झेनिया आणि ग्रीन स्टार मेन रॉकपासून लांब वेगळ्या दगडावर लावा, नाहीतर काही महिन्यांत दुसरं काही दिसणारच नाही.

आता एप्रिल. टँकचं टेंपरेचर 25-26 डिग्रीवर ठेवायचं, 28 झालं की हालचाल करायची आणि 30 ला पोचूच द्यायचं नाही. कोरलच्या अंगात एक सूक्ष्म शेवाळ राहतं, त्याच्यावर कोरलचं बरंचसं पोट भरतं आणि रंगही बराचसा त्याचाच, पाणी जास्त दिवस तापलं की कोरल ते शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. 2024 च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपला खऱ्या समुद्रात हेच झालं, तर तुमच्या दीडशे लिटरच्या काचेच्या पेटीचं काय घेऊन बसलात. आधी हीटर काढून कपाटात ठेवा. मेमध्ये गोव्यात हीटरचं काही काम नाही, आणि थर्मोस्टॅट अडकून हीटर चालूच राहिला तर एका रात्रीत सगळं शिजतं. मग पाण्यावर तिरके दोन छोटे फॅन, टेंपरेचर कंट्रोलरला जोडून, 26 च्या वर गेलं की आपोआप चालू. फॅनने दोन-तीन डिग्री उतरतात कारण पाणी उडतं. पण हवेत दमटपणा वाढला की पाणी उडायचंच कमी होतं, आणि आपल्याकडे मेच्या शेवटाला हवा कशी असते ते घामाने भिजलेल्या शर्टाला विचारा, म्हणजे नेमकं ज्या आठवड्यात फॅन सगळ्यात जास्त हवा त्याच आठवड्यात तो कमी पडतो. तेव्हा एकतर ज्या खोलीत एसी चालतो तिथे टँक ठेवा नाहीतर चिलर (पाणी थंड करायचं मशीन) घ्या, आणि चिलर घेतलात तर तो कॅबिनेटच्या आत कोंबू नका, टँकमधून काढलेली गर्मी तो त्याच बंद कपाटात सोडतो आणि मग स्वतःच तापत बसतो. पश्चिमेच्या बाल्कनीशेजारी टँक असेल तर दुपारचा पडदा हा सगळ्यात स्वस्त चिलर.

बर्फाच्या बाटल्या फ्रीझरमध्ये असू द्या, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. हिशेब सोपा आहे, एक लिटर बर्फाची बाटली दीडशे लिटर पाणी जेमतेम अर्धा-पाऊण डिग्री उतरवते. बाटली बंदच ठेवून संपमध्ये (टँकखालच्या दुसऱ्या टाकीत, जिथून पंप पाणी परत वर चढवतो) सोडायची, बर्फ थेट पाण्यात टाकायचा नाही.

फॅन लागला की पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. दीडशे लिटरमधून तीन लिटर उडालं की 35 चं खारेपण (हजार भागांत 35 भाग मीठ) 35.7 होतं, चार दिवस कोणी बघितलं नाही तर कोरल मिटून बसणार. म्हणून ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारी सोय, लावा, आणि त्याच्या डब्यात गोडं पाणी, खारं नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. गोडं पाणी कुठलं हा मोठा विषय आहे. विहिरीचं आणि बोअरचं पाणी इथे बऱ्याच ठिकाणी लोखंडाने लाल असतं, नळाच्या पाण्यात क्लोरीन, आणि किचनमधला आरओ बघाल तर बऱ्याच नवीन मशीनमध्ये तब्येतीसाठी म्हणून कॉपरचं कार्ट्रिज असतं. माणसाला चालेल, पण तांबं कोरल, कोळंबी, गोगलगायी सगळ्यांना मारतं, आणि रॉकमध्ये जाऊन बसलं की काढता काढता नाकी नऊ येतात. टँकसाठी वेगळा साधा आरओ घ्या, पुढे डीआयचं (उरलेले क्षार काढणारं) कार्ट्रिज, आणि टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर, शून्य दिसलं पाहिजे. दोन-तीन दिसायला लागलं की कार्ट्रिज बदला.

मीठ मेमध्येच भरून ठेवा. मिठागराचं मीठ घालू का असं विचारणारे भेटतात मला, पेडण्याकडचं मीठ हुमणाला (माशांच्या कालवणाला) एक नंबर, पण त्यात बहुतेक नुसतं सोडियम क्लोराईड, कोरलला लागणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम त्या प्रमाणात नसतं. आणि समुद्र दाराशी आहे तर मिरामारवरून कॅन भरून आणू का? मांडवीच्या तोंडाशी पावसाळ्यात पाणी गढूळ आणि निम्मंअर्धं गोडंच असतं, वर बोटींचं डिझेल, तर नको. रीफ सॉल्टची (कोरलच्या टँकसाठी बनवलेल्या मिठाची) पिशवी उघडली की लगेच घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये ओता, जूनच्या हवेत उघडी राहिली तर दगड होतो. वीस लिटरच्या बादलीला साधारण 700 ग्रॅम, पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी नाही, पंप सोडून रात्रभर फिरू द्यायचं आणि सकाळी रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपण मोजायच्या मीटरवर) 35, म्हणजे विशिष्ट गुरुत्व 1.026, बघायचं. रिफ्रॅक्टोमीटर 35 च्या कॅलिब्रेशन सोल्युशनवर सेट करा, नुसत्या आरओ पाण्यावर शून्य केलेला मीटर वरच्या टोकाला खोटं बोलू शकतो.

मग येतो जून, आणि वीज. पहिल्या वाऱ्यात कुठेतरी माड नाहीतर फांदी तारेवर पडते आणि मग लाईनमन येईपर्यंत बसा. लोकांना वाटतं लाईट गेला म्हणजे कोरल मरेल, अहो कोरल एक-दोन दिवस अंधारात आरामात काढतं, आधी संपतो तो पाण्यातला ऑक्सिजन, आणि पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन मुळातच कमी, म्हणजे गर्मी आणि वीज हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच. पाणी हलतं राहिलं पाहिजे, एवढंच. घरच्या इन्व्हर्टरवर टँकसाठी एक वेगळा पॉइंट काढून घ्या आणि त्याच्यावर फक्त रिटर्न पंप (संपमधलं पाणी टँकमध्ये चढवणारा) आणि एक वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह करणारा पंप), मिळून 35-40 वॅट. दीडशे एएचची बॅटरी चांगल्या स्थितीत असेल तर हजारेक वॅट-तास देते, म्हणजे हिशेबाने एक दिवस निघतो, जुनी असेल तर निम्मं धरा, आणि त्याच इन्व्हर्टरवर घरचे पंखे आणि टीव्ही असतील तर अजून कमी. चिलर इन्व्हर्टरवर टाकायचा नाही, बॅटरी बसेल. इन्व्हर्टर प्युअर साईन वेव्हचा हवा, स्क्वेअर वेव्हवर साधे एसी पंप घुंई घुंई करतात आणि तापतात. शिवाय सेलवर चालणारे एअर पंप घेऊन ठेवा, जास्तीचे सेल पण आणा. वीज नसताना खायला घालायचं नाही. वीज आल्यावर रिटर्न पंप परत सुरू झाला का ते हात लावून बघा, कधी कधी हवा धरतो आणि नुसताच गुरगुरतो.

आणि हे नीट वाचा, वायरिंग. टँकच्या मागचा एक्स्टेंशन बोर्ड एकदा बाहेर ओढून बघा. प्लगच्या पिना हिरव्या पडलेल्या, वायरवर मिठाचे पांढरे खडे चढलेले, बोर्डाच्या एका भोकातून मिठाची मिशी बाहेर आलेली. वायरवरून थेंब घसरत येतो, पाणी वाळतं, मीठ राहतं, पावसाळ्यात तेच मीठ हवेतलं पाणी ओढून ओलं होतं आणि करंट पळायला वाट मिळते. बोर्ड जमिनीवरून उचलून भिंतीवर लावा, टँकच्या बरोबर खाली नको, प्रत्येक वायरला बोर्डाच्या खाली झोका द्या म्हणजे थेंब झोक्याच्या तळाला गळतो, सॉकेटमध्ये जात नाही. आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवून बसवूनच घ्या, कोरलचं सोडा, हात तुम्ही घालताय त्या पाण्यात. रिटर्नचा पाईप किती खोल बुडालाय ते पण बघा, वीज गेली की टँकमधलं पाणी उलटं संपमध्ये येतं, संपमध्ये तेवढी जागा आहे का हे एकदा स्वतः स्विच बंद करून बघायचं, फरशीवर पाणी आल्यावर नाही.

पावसात खिडक्या बंद राहतात, घरात माणसं जास्त, कार्बन डायऑक्साईड साठतो आणि पीएच खाली येतो. 8 च्या आसपास असेल तर घाबरून बफर (पीएच वाढवायचं केमिकल) ओतू नका, दिवसातून तासभर खिडकी उघडा किंवा स्किमरची (फेसाने पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीबाहेर काढा. रविवारी टेस्ट किटने अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवायची पाण्याची ताकद) बघायची, 8 ते 9 डीकेएच (तिचं माप) पुरे, नमुन्याच्या पाण्यात किटचं द्रावण थेंब थेंब टाकत हलवत राहायचं, रंग बदलला की थांबायचं आणि आकडा वहीत लिहायचा. आकडा साडेआठ आहे की नऊ याला फार महत्त्व नाही, मागच्या रविवारी साडेआठ आणि आज साडेसहा असेल तर मात्र काहीतरी बिघडलंय. किटवरची एक्स्पायरी बघा, जुन्या किटने काहीही आकडे येतात. नायट्रेट 5-10 पीपीएम असू दे, पूर्ण शून्यावर सॉफ्ट कोरल उलट रोडावतात.

नवीन कोरल मे-जूनमध्ये मागवू नका. मुंबईहून थर्मोकोलच्या डब्यात कोकणकन्येने जरी आलं तरी स्टेशनवरच्या उन्हात पिशवी तापतेच, डिसेंबर-जानेवारी चांगला. आलं की पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवा, मग कोरल डिपमध्ये (किडे काढायच्या औषधी पाण्यात) बुडवून हलवा, बारीक किडे आणि चपटे वर्म गळून पडलेले डोळ्याला दिसतात, पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही. पहिले दहा दिवस तळाला, कमी उजेडात. झोआ हाताळताना ग्लव्ज आणि चष्मा घालाच, त्यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं जबरदस्त विष असू शकतं, झोआ असलेला दगड उकळायचा नाही, वाफ नाकात गेली तर थेट हॉस्पिटल. आणि लेदर कोरल आठवडाभर मिटून, अंगावर मेणासारखी पातळ साय घेऊन बसला तर तो मेला नाही, कात टाकतोय, त्याच्यावर जरा पाण्याचा झोत वळवा, निघून जाईल.

शेवटची चवथ. जायच्या आधी तीन-चार दिवस पाणी बदलून घ्या, आदल्या दिवशी नको, काही चुकलं तर निस्तरायला वेळ हवा. टॉप-ऑफचा डबा काठोकाठ भरा पण त्याचा फ्लोट स्विच (पाण्याची पातळी बघून चालू-बंद होणारा) पुसून, गोगलगाय बसून अडकत नाही ना ते बघून, आणि डबा इतका मोठाही नको की अडकलाच तर सगळं गोडं पाणी टँकमध्ये जाईल. लाईट टायमरवर आठ तास. स्किमरचा कप रिकामा. माशांचं खाणं गोळ्यांच्या वारवाल्या डबीत एकेक चिमूट घालून शेजारी द्या आणि मोठा डबा कपाटात लपवा, कारण शेजारच्या काकींना माशांची दया येते. काकींना सरळ सांगायचं, 'काकी, मासे काचेला येऊन कितीही तोंड उघडूदेत, वाराची डबी सोडून काही घालू नका, आणि पाणी फिरायचं थांबलं तर लगेच फोन करा, रात्री दोन वाजता पण.' इन्व्हर्टरचा स्विच कुठला, सेलवाला पंप कुठे ठेवलाय, हे दाखवून त्यांच्याकडून एकदा चालू करून घ्या. फ्रीझरमध्ये बर्फाच्या बाटल्या राहू देत, फ्रीझ बंद करून जाऊ नका.

परत आलात की मोदकांचा डबा ठेवून आधी थर्मामीटर बघा, मग खारेपण, मग अल्कलिनिटी. खारेपण वाढलेलं दिसलं तरी एका दमात गोडं पाणी ओतू नका, दोन दिवसांत थोडं थोडं करून खाली आणा.