काचेच्या दाराशी चप्पल काढू नका, मामाजी

माझे मामाजी काटोलचे, संत्र्याच्या बगीच्यात आयुष्य गेलेले. फेब्रुवारीत नातवाचं लग्न निघालं आणि मुलीकडच्यांनी नागपुरात वर्धा रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलात सगळ्यांच्या खोल्या ठेवल्या. मामाजी काचेच्या दाराशी थांबले, चपला काढून हातात घेतल्या आणि त्या गुळगुळीत फरशीवर अनवाणी चालायला लागले. दारावरचा पोरगा पटकन म्हणाला, "राहू द्या जी, घालूनच या." हसलं कोणी नाही. लाज वाटली ती मलाच, अन् मी तर अशाच हॉटेलात चौदा वर्षं हाउसकीपिंगमध्ये, म्हणजे खोल्या झाडण्या-आवरण्यात, काढलेली बाई! त्या रात्री मामाजी-मामींना जे समजावून सांगितलं, तेच इथं लिहून ठेवते.

खोली साधारण दुपारी दोननंतर मिळते. गाडी सकाळी आली तर सामान बेल डेस्कवर, म्हणजे पाहुण्यांच्या बॅगा सांभाळणाऱ्या काउंटरवर, ठेवून मोकळं व्हायचं, त्याचे पैसे पडत नाहीत. ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं लागतं. आधार, लायसन्स, मतदान कार्ड, पासपोर्ट यातलं काहीही चालेल. पॅन कार्ड चालत नाही, कारण त्यावर पत्ता नसतो. काउंटरवर डिपॉझिट मागतील. क्रेडिट कार्ड दिलं तर तेवढी रक्कम फक्त अडकवून ठेवतात. डेबिट कार्डावर मात्र पैसे खात्यातून जातात आणि परत यायला काही दिवस लागतात, म्हणून लग्नाच्या धावपळीत ते कार्ड पुढं करू नका. लग्नाची खोली असली तरी भाडं तेवढं यजमान देतो. लाँड्री, मिनीबार म्हणजे खोलीतल्या फ्रिजमधलं खाणं-पिणं, खोलीत मागवलेला चहा, सगळं तुमच्या माथी. एका शर्टाला तिथं जे घेतात, तेवढ्यात आमचा मानेवाड्याचा इस्त्रीवाला आठवडाभराचे कपडे करून देईल.

बॅग उचलायला पोरगा आला की ओढाताण करू नका. "असू दे बाबा, हलकी आहे" म्हणत मामाजी दोन मिनिटं त्याच्याशी झटले. ते त्याचं काम आहे, करू द्या. खोलीत सामान ठेवून एसी-दिवे दाखवले की पन्नास रुपये द्या, बॅगा जास्त असल्या तर शंभर. गाडी लावणाऱ्याला, गाडी परत आणून दिल्यावर, पन्नास. यासाठी घरूनच पन्नासच्या दहा-बारा नोटा घेऊन निघा. स्कॅनर मागू नका. आमच्याकडे तरी ड्युटीवर स्वतःचा स्कॅनर दाखवायला मनाई होती.

खोलीत शिरल्यावर किल्लीचं कार्ड दाराजवळच्या खाचेत घातल्याशिवाय लाइट लागत नाही. किटलीजवळचा चहा-कॉफी आणि 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलेल्या पाण्याच्या बाटल्या फुकट. फ्रिजमधल्या काजूला हात लावण्याआधी शेजारचं दरपत्रक वाचा. कापडी सपाता घरी नेल्या तरी चालतात, आंघोळीनंतर घालायचा अंगरखा नाही. तो गेला की बिलात येतो.

आता माझ्या खात्याचं. मामींनी पहाटे उठून पलंग आवरला, टॉवेल धुतले अन् बाथरूमभर वाळत घातले. मामी, दांडीवर टांगलेला टॉवेल म्हणजे 'हाच पुन्हा वापरतो' असा अर्थ होतो. बदलून हवा असेल तर खाली टाका. जमिनीवर टॉवेल टाकणं आपल्या जिवावर येतं, पण तिथली भाषा तीच. खोली झाडायला नको असेल तर दाराला पाटी अडकवा किंवा बटण दाबा. नुसती आतून कडी लावली तर ती मुलगी ट्रॉली घेऊन दोनदा येऊन जाते. आम्हाला एका पाळीत चौदा खोल्या असायच्या.

टिपेचं सगळ्यात जास्त चुकतं ते इथंच. वेटर समोर उभा असतो म्हणून त्याला मिळते, खोली करणारी कोणाला दिसत नाही. तिला रोजचे शंभर रुपये द्या, आणि ते रोजच्या रोज द्या. शेवटच्या दिवशी एकदम ठेवले तर दुसऱ्याच पाळीच्या हाती लागतात. आणि चिठ्ठी लिहा. एका पाहुण्यानं एकदा राखदाणीखाली पाचशेची नोट ठेवली होती. माझ्यासाठीच असणार, पण लिहिलेलं काही नव्हतं. उचलली अन् उद्या त्यानं 'पैसे गेले' म्हटलं, तर नोकरी गेली. मी ती 'हरवले-सापडले'च्या वहीत नोंदवून जमा केली. मामाजींनी मात्र उशीवर शंभराची नोट, चार मृगाची संत्री आणि 'खोली करणाऱ्या ताईसाठी' अशी चिठ्ठी ठेवली. आता संत्री खा, पण सालं बेसिनमध्ये टाकू नका बाप्पा.

जेवणाच्या बिलाकडं नीट बघा. जीएसटी सरकारचा, तो द्यावाच लागतो. 'सर्व्हिस चार्ज' वेगळा. तो परस्पर बिलात लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. शांतपणे "हा काढून द्या" म्हणा. नाहीच ऐकलं तर १९१५ वर तक्रार करता येते. मग वाढणाऱ्याला पाच-दहा टक्के हातात द्या, सेवा आवडली नसेल तर देऊ नका. बुफेत हवं तितक्यांदा उठा, पण डब्यात भरून नेऊ नका.

खोली स्वतः घेणार असाल तर एक हिशोब करा. रात्रीचं भाडं साडेसात हजारांपर्यंत असेल तर सप्टेंबर २०२५ पासून कर ५ टक्के, त्यावर गेलं की १८. म्हणजे सात हजारांची खोली ७,३५० ला पडते अन् आठ हजारांची ९,४४० ला. डिसेंबरात अधिवेशन आलं की नागपुरातले दर चढतात, तेव्हा हे आधी विचारा.

बोलताना चुटक्या वाजवू नका, "ए पोरा" तर नाहीच. छातीवर नाव लिहिलेलं असतं, ते घ्या, नाही तर भाऊ-ताई म्हणा. काही बिघडलं असेल तर त्याच रात्री फोन करून सांगा. निघताना सांगितलं तर माफी मिळते, दुसरी खोली मिळत नाही.

निघायची वेळ बहुधा बाराची. त्याआधी प्लग पॉइंट, तिजोरी आणि बाथरूमचं कपाट बघून घ्या. आमच्या वहीत सगळ्यात जास्त नोंदी चार्जरच्या. एक दातांची कवळीही होती, डबीसकट. ती न्यायला कोणीच आलं नाही.