गावाकडच्या घरी मृत्यू झाला तर: निघण्यापासून तेराव्यापर्यंत

गावाहून फोन आला की मुंबईतल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो हा की, थांबायचे का? कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर धावू लागली. त्यापूर्वी कितीतरी चाकरमान्यांना बापाचे शेवटचे दर्शन होत नसे. आज रात्री निघालेला मुलगा सकाळी दारात उभा राहू शकतो, परंतु दमट हवेत देह फार काळ ठेवता येत नाही, म्हणून उत्तर लगेच आणि खरे द्यावे. "निघालोच" असे मोघम न सांगता कुठपर्यंत आलो ते सांगावे, वाडीतल्या एकाच जाणत्या माणसाशी बोलावे आणि उशीर होणार असेल तर जवळच्या रुग्णालयात शीतपेटीची चौकशी करण्यास त्यालाच सांगावे. मृत्यू घरी झाला असल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला अंत्यविधीपूर्वीच घ्यावा. अपघात असेल तर आधी पोलिसांना कळवावे लागते.

माझे वडील जुलैत गेले. आमच्या पडवीतली लाकडे वाशाच्या गळतीने भिजली होती. शेजारच्या काकींनी चतुर्थीसाठी मे महिन्यातच रचून ठेवलेली रास मोडली आणि आतल्या थरातली लाकडे काढून, दोन-दोन एकमेकांवर आपटून, आवाज ऐकून सुकी तेवढी बाजूला केली. ओल्या लाकडाचा आवाज बद्द येतो, सुके खणखणते, हे मी त्या दिवशी शिकलो. ज्यांच्या घरी वयस्क माणसे आहेत त्यांनी पावसापूर्वी सुकी लाकडे, नारळाची सोडणे (वरची तंतुमय साले) आणि माडाची चुडते (सुक्या झावळ्या) आडोशाला ठेवावीत. यात अशुभ काही नाही, उलट ऐन पावसात वाडीची धावपळ वाचते. तिरडी बांधणे, मडके आणणे ही कामे वाडीतली माणसे न सांगता करतात. मुंबईहून आलेल्याने तिथे सूचना देत फिरू नये, आईजवळ बसावे. मी तसे बसलो नाही, व्यवस्थेतच गुंतून राहिलो, याचे मला आजही वाईट वाटते.

ज्या दगडाने मडके फोडतात तो अश्मा जपून ठेवावा, कारण दहाव्यापर्यंत तिलांजली त्यावरच दिली जाते. आमच्याकडे तो तुळशीच्या मुळाशी ठेवला होता आणि आई रोज सकाळी तो जागेवर आहे ना, हे पाहून येई. दहाव्याला नदीवर किंवा खाडीकाठी पिंड ठेवल्यावर कावळा लवकर शिवला नाही, तर जमलेल्यांनी मृताच्या अपुऱ्या इच्छांचे तर्क मोठ्याने करू नयेत. ते शब्द घरच्यांच्या मनात वर्षानुवर्षे राहतात. अशा वेळी दर्भाचा कावळा करून विधी पुरा करण्याची सोय परंपरेनेच ठेवली आहे.

भेटायला जाणाऱ्याने आजारपणाची हकिकत पुन्हा पुन्हा विचारू नये, थोडा वेळ शांत बसावे आणि "येतो" न म्हणता उठावे. सुतकातल्या घरी चहा-साखर आणि पिठले-भात पोचवणे हे सांत्वनाच्या शब्दांपेक्षा अधिक उपयोगी पडते.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी, त्यानंतर विलंब शुल्क लागते. नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते: गावात झाला असल्यास ग्रामपंचायतीत, मुंबईच्या रुग्णालयात झाला असल्यास मुंबई महापालिकेत, मग दहन कुठेही झालेले असो. नाव आधार कार्डाप्रमाणेच लिहून घ्यावे आणि दाखल्याच्या पाच-सहा प्रती मागाव्यात, कारण बँक, निवृत्तिवेतन आणि सातबाऱ्यावरची वारस नोंद यांसाठी त्या लागतात.

तेरावे झाल्यावर, परत निघण्यापूर्वी, ज्यांच्या घरून लाकडे, भांडी, चटया आल्या त्यांच्याकडे स्वतः जाऊन यावे. काकींनी लाकडांचे पैसे घेतले नाहीत. पुढच्या मे महिन्यात मी आणि धाकट्या भावाने तेवढीच लाकडे फोडून, उन्हात सुकवून, चतुर्थीसाठी त्यांच्या पडवीत रचून दिली.