स्वतः गायलेल्या अभंगावर क्लेम आला तर
तुकोबांचा अभंग घरी रेकॉर्ड करून युट्यूबवर टाकला आणि दुसऱ्याच दिवशी कॉपीराइट क्लेमचा मेल, माझ्यासोबत हे झालंय आणि तेव्हा मी घाबरून व्हिडिओच उडवला, तुम्ही प्लीज तसं करू नका. आधी बघा कंटेंट आयडी (युट्यूबची गाणी आपोआप जुळवून बघणारी यंत्रणा) क्लेम आहे की स्ट्राइक, म्हणजे हक्कदाराच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढून चॅनलला दिलेली ताकीद. क्लेमने शक्यतो फक्त कमाई दुसरीकडे जाते, स्ट्राइक मात्र 90 दिवस राहतो आणि त्या काळात तीन झाले तर चॅनल जाऊ शकतं.

क्लेम चुकीचा वाटला तर 5 दिवसांच्या आत डिस्प्यूट (हरकत) टाका, म्हणजे क्लेमच्या पहिल्या दिवसापासूनची कमाई बाजूला राखून ठेवतात, समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस मिळतात. पण प्रामाणिकपणे तपासा हं, अभंगाचे शब्द सगळ्यांचे आहेत, चाल मात्र एखाद्या संगीतकाराची असेल तर त्यांच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क राहतो, रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा. चाल पारंपरिक किंवा स्वतःची असेल तर डिस्प्यूटमध्ये तसं स्पष्ट लिहा.

पुरावा आधीपासून जपा, फोनवर गुणगुणलेली पहिली व्हॉइस नोट, पेटीचा वेगळा ट्रॅक, प्रोजेक्ट फाइल, सगळं तारखेसकट.

अजून एक, तयार लूप (परत परत वाजणारा रेडीमेड संगीताचा तुकडा) वापरला असेल तर डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे गाणं वेगवेगळ्या ॲपवर पोचवणाऱ्या कंपनीकडे, कंटेंट आयडीवर टिक करू नका, नाहीतर तोच लूप घेतलेल्या दुसऱ्या कुणा पोराच्या गाण्यावर तुमच्या नावाने क्लेम जातो.