ट्रकच्या टायरवरील आकडे कसे वाचावेत

ट्रकसाठी टायर निवडताना बहुतेकांची नजर टायरच्या बाजूवर छापलेल्या ओळीतील रिमच्या आकड्यावर थांबते आणि तो जुळला की काम झाले असे गृहीत धरले जाते. टायर रिमवर बसतोही. परंतु तो गाडीचे वजन पेलेल की नाही, हे त्याच ओळीच्या शेवटी असलेल्या आकड्यांवरून कळते. म्हणून ती ओळ अखेरपर्यंत वाचणे आवश्यक आहे.

उदाहरणादाखल '२९५/८० आर २२.५ १५२/१४८ एम' ही खूण घेऊ. २९५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी आहे. ८० याचा अर्थ असा की टायरच्या बाजूची उंची या रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे २३६ मिलिमीटर आहे. 'आर' हे अक्षर रेडियल बांधणी, म्हणजे आतील दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे असलेली रचना, दाखवते आणि २२.५ हा रिमचा इंचांतील व्यास आहे. रिमचे ५७१.५ मिलिमीटर आणि बाजूच्या उंचीची दुप्पट, म्हणजे ४७२ मिलिमीटर, यांची बेरीज केली की एकूण व्यास सुमारे १०४४ मिलिमीटर येतो.

'१०.०० आर २०' अशा जुन्या पद्धतीच्या खुणेत रुंदी इंचांत असते आणि उंचीचे प्रमाण दिलेले नसते. 'आर'च्या जागी आडवी रेघ असल्यास तो टायर क्रॉस-प्लाय (आतील दोरे तिरके, एकमेकांना छेदणारे), म्हणजे बोलीभाषेतला नायलॉन टायर समजावा. २० इंची टायरला सहसा ट्यूब आणि फ्लॅप (ट्यूब व रिम यांच्यामधील रबरी पट्टी) लागतात, तर २२.५ इंची टायर ट्यूबलेस असतो. '११ आर २२.५' आणि '१०.०० आर २०' यांचा बाहेरील व्यास जवळपास सारखा असला, तरी रिम बदलल्याशिवाय एकाच्या जागी दुसरा बसवता येत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. १५२/१४८ हे लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलू शकतो हे सांगणारे सांकेतिक आकडे आहेत. पहिला आकडा टायर एकटा असताना लागू होतो आणि १५२ म्हणजे ३५५० किलो. दुसरा आकडा एकाच बाजूला दोन टायर शेजारी-शेजारी, म्हणजे जोडीने लावलेले असताना प्रत्येक टायरला लागू होतो आणि १४८ म्हणजे ३१५० किलो. जोडीतील दोन्ही टायरांवर भार कधीच अगदी समसमान पडत नाही, म्हणून ही मर्यादा कमी ठेवलेली असते. त्यानुसार पुढच्या अॅक्सलवरील दोन टायर मिळून ७१०० किलो पेलतात आणि मागच्या अॅक्सलवरील चार टायर १२,६०० किलो. मागच्या अॅक्सलसाठी चुकून पहिला आकडा धरल्यास हिशेब १४,२०० किलोंचा होतो, म्हणजे १६०० किलो क्षमता केवळ कागदावर उरते. ही क्षमताही ठरवून दिलेला हवेचा दाब असेल तरच मिळते. शेवटचे 'एम' हे अक्षर ताशी १३० किलोमीटर, 'एल' १२० आणि 'के' ११० ही वेगमर्यादा सांगते. '१६ पीआर' (पीआर म्हणजे प्लाय रेटिंग) यासारखी खूण मजबुतीची श्रेणी दाखवते. आत तेवढे थर असतातच असे नाही.

अधिक भार पेलण्यासाठी २९५/८० ऐवजी ३१५/८० घेण्याचा विचार असेल, तर आधी रिमची रुंदी तपासावी. ८.२५ इंच रुंदीच्या रिमवर २९५/८० चालतो, परंतु ३१५/८० साठी किमान ९ इंच रुंदीची रिम लागते. शिवाय व्यास सुमारे ३ टक्क्यांनी वाढत असल्याने स्पीडोमीटर ताशी ८० किलोमीटर दाखवत असताना प्रत्यक्ष वेग साडेब्याऐंशीच्या आसपास असतो आणि चढावर ओढ कमी पडते. जोडीतील दोन टायरांमधील अंतरही कमी होते. भाराने फुगलेल्या बाजू एकमेकींना घासू लागल्यास टायर तापून फाटतो. एकाच जोडीत दोन वेगळे आकार लावणे पूर्णपणे टाळावे, कारण मोठा टायर बहुतेक भार स्वतःवर घेतो.

मूळ आकार गाडीवरील माहितीपट्टीवरून किंवा उत्पादकाच्या पुस्तिकेतून घ्यावा. सध्या लावलेल्या टायरवरून नव्हे, कारण आधीच्या मालकाने तो बदललेला असू शकतो. खरेदीच्या वेळी बाजूवरील उत्पादनाची चार अंकी तारीखही पाहावी: ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५वा आठवडा.