पेलेबद्दलचा मेसेज पुढे पाठवण्याआधी काय तपासाल?

लेख असो, क्विझ असो की नुसती पोस्ट, पेलेच्या बाबतीत पहिला घोळ गोलांच्या आकड्यातच होतो. १,२८३, १,०९१, ६४३, ९५, ७७ हे सगळे आकडे छापून आलेले आहेत आणि आपापल्या जागी बरोबरही आहेत. म्हणून आकडा दिसला की आधी दोन गोष्टी पाहा: कोणत्या संघाकडून आणि कोणत्या सामन्यांत.

१,३६३ सामन्यांत १,२८३ गोल या बेरजेत मैत्रीपूर्ण सामने आणि परदेश दौरे आहेत. इतकेच काय, १९५९ मध्ये लष्करी सेवेत असताना सैन्याच्या संघाकडून केलेले गोलही आहेत. पेलेचा ब्राझीलमधला क्लब सांतोस स्वतः १,०९१ गोल सांगतो. त्यातले ६४३ अधिकृत स्पर्धांतले, उरलेले ४४८ मैत्रीपूर्ण सामन्यांतले. हे ४४८ सरसकट खोडू नका. सांतोस तेव्हा दौऱ्यांवर युरोपातल्या तगड्या क्लबांशीही खेळत असे. फक्त ते मेस्सीच्या अधिकृत गोलांशेजारी ठेवू नका. ब्राझीलसाठी फिफाच्या हिशोबात ७७ गोल, तर तिथला महासंघ क्लबांविरुद्धचे सामने धरून ९५ मोजतो. २०२३ मध्ये नेमारने ‘पेलेचा विक्रम मोडला’ ही बातमी ७७ वर उभी होती.

जन्मतारीख २३ ऑक्टोबर १९४० लिहा. जन्मदाखल्यावर २१ तारीख आणि ‘एडिसन’ असे नाव आहे, पण पेले स्वतः २३ आणि ‘एडसन’ हेच सांगत असे. नाव मात्र शोधक एडिसनवरूनच ठेवलेले.

‘पेलेने नायजेरियातले युद्ध ४८ तास थांबवले’, म्हणजे त्याचा सामना व्हावा म्हणून युद्धबंदी झाली, हा मेसेज सर्वांत लाडका. इथे कॅलेंडर उघडा. सांतोस नायजेरियातल्या लागोसला २६ जानेवारी १९६९ रोजी खेळला आणि तिथल्याच बेनिन सिटीला ४ फेब्रुवारीला. दोन सामन्यांत नऊ दिवसांचे अंतर, म्हणजे ४८ तासांची एकच युद्धबंदी दोन्हींना पुरणार कशी? युद्ध तर जानेवारी १९७० पर्यंत चालले. सांतोस युद्धकाळात तिथे खेळला, एवढेच लिहा.

व्हिडिओ शेवटपर्यंत पाहा. १९७० च्या विश्वचषकात चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध मैदानाच्या मध्यापाशी मारलेला फटका खांबाजवळून बाहेर गेला. उरुग्वेच्या गोलरक्षकाला चेंडूला न शिवता चकवले, तोही गोल नाही. उलट, पेले ज्याला आपला सर्वोत्तम गोल म्हणत असे, तो १९५९ चा युव्हेंतुसविरुद्धचा (साओ पाउलोचा संघ, इटलीचा नव्हे) गोल कोणी चित्रितच केला नाही. फिरते ती क्लिप संगणकावर बनवलेली आहे. सायकल किकचा (हवेत उलटे होऊन मारलेल्या फटक्याचा) जनक म्हणूनही पेलेचे नाव घालू नका. त्याच्या जन्माआधीच ब्राझीलचा लिओनिदास ती मारत होता.

‘तीन विश्वचषक’ हे खरे. पण १९६२ मध्ये दुसऱ्याच सामन्यात तो जायबंदी झाला, अंतिम सामना खेळलाच नाही आणि ते पदक फिफाने २००७ मध्ये दिले. विश्वचषकात एकूण चार स्पर्धा, १४ सामने, १२ गोल.

आपल्याकडची पोस्ट असेल तर २४ सप्टेंबर १९७७, ईडन गार्डन्स: मोहन बागान २, न्यूयॉर्क कॉसमॉस २. पेले त्यात कॉसमॉसकडून खेळला, पण गोल एकही केला नाही. कॉसमॉसकडून गोल कार्लोस आल्बेर्तो आणि किनाल्या यांचे, बागानकडून श्याम थापा आणि हबीब यांचे.