विनोदी पॉडकास्टमधला पाहुणा पारखायचा कसा?

निपाणी-खानापूरहून रोज बेळगावला ये-जा करणाऱ्यांचे बसमधले दोन तास हल्ली पॉडकास्टवर जातात. पाहुण्याचं नाव बघून दीड तासाचा एपिसोड लावायचा आणि अर्ध्यातच कंटाळून बंद करायचा, असं मात्र फार होतं. पाहुणा नामवंत म्हणजे एपिसोड रंगणार, हा समज आधी सोडून द्या. पाहुण्याला रंगवतो तो होस्ट, आणि होस्ट ओळखता येतो तो त्याच्या ऐकण्यावरून.

ऐकण्याआधी

वेग १ वरच ठेवा. बातम्या किंवा व्याख्यान दीडपट वेगाने ऐकलं तर बिघडत नाही, विनोद मात्र बिघडतो. शेवटच्या शब्दाआधी बोलणारा सहा दशांश सेकंद थांबला असेल, तर दीडपट वेगात ते थांबणं चार दशांशावर येतं आणि टायमिंग हुकतं. पॉकेट कास्ट्समधलं 'ट्रिम सायलेन्स', ओव्हरकास्टमधलं 'स्मार्ट स्पीड' ही सोय तर बंदच करा. ॲपला ती शांतता रिकामी जागा वाटते, म्हणून ते तीच कापतं. एखादा नट "आज अगदीच थंड वाटला" असं म्हणण्याआधी ही दोन्ही सेटिंग तपासा.

चोर्ला घाटातून गोव्याकडे निघणार असाल तर एपिसोड घरीच डाउनलोड करून घ्या, घाटात रेंजचा भरवसा नाही. १२८ केबीपीएसचा (हे आवाजाच्या दर्जाचं माप) एक तास म्हणजे साधारण ५८ एमबी, ६४ केबीपीएसचा २९ एमबी. नुसत्या बोलण्याला ६४ सुद्धा पुरतं. तोच कार्यक्रम व्हिडिओवर लावून फोन खिशात ठेवला तर डेटा कित्येक पट जातो. वडगाव-शहापूर भागात यंत्रमागाजवळ काम करणाऱ्यांनी मागाच्या आवाजावर मात करायला इअरफोनचा आवाज वाढवू नये. जागतिक आरोग्य संघटनेने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच सुरक्षित मानला आहे, आणि आवाज जितका वाढेल तितके हे तास झपाट्याने कमी होतात. जेवणाच्या सुट्टीत ऐका.

पहिली पंधरा मिनिटं

एवढ्यात एपिसोडची लायकी कळते. पहिला प्रश्न कान देऊन ऐका. "तुमचा प्रवास सांगा" असं विचारलं की पाहुणा पाठ झालेलं उत्तर देतो. "दौऱ्यात सेटचा टेम्पो पोचलाच नाही, त्या रात्री प्रयोग कसा केलात?" असं विचारलं की त्याला आठवावं लागतं, आणि आठवता आठवता जे सुटतं त्यातच गंमत असते. असा प्रश्न तयारी केल्याशिवाय सुचत नाही.

मग हसण्याकडे लक्ष द्या. किस्सा संपायच्या आत होस्ट हसला, तर शेवटचा शब्द त्या हसण्याखाली गाडला जातो. पाहुण्याचं वाक्य होस्टने स्वतःच पुरं केलं, तर त्याहून वाईट. पंधरा मिनिटांत असं तीनदा झालं की खुशाल पुढचा एपिसोड लावा.

पाहुणा दुसऱ्या गावातून फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर असेल तर थोडी सूट द्या. आवाज पोचायला १५० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागू लागला की दोघं एकमेकांवर बोलायला लागतात. शिवाय कॉलमधली गोंगाट कमी करणारी यंत्रणा कधी कधी हसण्यालाच गोंगाट समजून दाबते. पाहुणा तिकडे खदखदून हसत असतो, आपल्याला ऐकू येते ती शांतता. जाणते लोक दोन्हीकडे वेगवेगळं रेकॉर्डिंग करून नंतर जोडतात, मग हा घोळ होत नाही.

कार्यक्रमाचा बाज ओळखा

सगळ्या पाहुण्यांना एकच माप लावू नका. अमेरिकन विनोदवीर मार्क मॅरन यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या 'डब्ल्यूटीएफ' या पॉडकास्टमध्ये मोकळ्या, खोल गप्पा असत. २०१५ मध्ये ओबामा अध्यक्ष असताना मॅरन यांच्या गॅरेजमध्ये येऊन बोलून गेले. तिथे मिनिटागणिक विनोद शोधणं चुकीचं. उलट 'कॉमेडी बँग! बँग!'मध्ये खऱ्या पाहुण्यासोबत सोंग घेतलेले नट येतात आणि धडधडीत खोटं बोलतात. तिथे बघायचं ते हे, की होस्ट स्कॉट ऑकरमन ती थाप खरी मानून पुढे कशी वाढवतात. 'स्मार्टलेस'मध्ये तिघांपैकी एक होस्ट पाहुणा आणतो, बाकीच्या दोघांना आधी पत्ताच नसतो. त्यांचे प्रश्न अघळपघळ असणारच.

चित्रपट लागायच्या आठवड्यातले एपिसोड शक्यतो टाळा. तोच नट चार ठिकाणी तेच किस्से सांगत फिरतो. खात्री करायची तर एक किस्सा दोन पॉडकास्टवर ऐका. शब्दही तेच असतील तर तिसरा ऐकायची गरज नाही.

आपल्या भागातला पाहुणा असेल तर

ही कसोटी आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. "जरा बेळगावी बोलून दाखवा की" म्हणून पाहुण्याच्या हेलावर हशा घेणारा होस्ट त्याला दोन मिनिटांत संपवतो. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते. त्यांनी रंगवलेला बेळगावी माणूस लक्षात राहतो तो त्याच्या जिव्हाळ्यामुळे, हेलामुळे नव्हे. पाहुणा बोलता बोलता कानडीत शिरला तर चांगला होस्ट मध्येच अर्थ विचारत नाही. किस्सा पुरा होऊ देतो, मग विचारतो. मध्ये तोडलेला किस्सा परत उभा राहत नाही.

मत कळवताना

"मस्त" किंवा "बकवास" एवढ्याने कुणाचं काही सुधारत नाही. मिनिट-सेकंद लिहा: "२३:४० ला पाहुणा वडिलांच्या दुकानाबद्दल सांगत होता, तिथे तुम्ही जाहिरात घातलीत." एका वेळी एकच तक्रार, आणि आवडलेली एक जागाही तशीच वेळेसकट. नवा पाहुणा सुचवायचा तर त्याच्या कामाची लिंक आणि त्याला विचारण्याजोगे दोन प्रश्न सोबत द्या. नुसतं नाव यादीत पडून राहतं.