आधी आपलं शिवार, मग जादूची नगरी

मी केज तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला मराठी शिकवते. शनिवारी सकाळची शाळा असते, त्यातले शेवटचे दोन तास गोष्टीचे. गोष्टी रचणारे कोणत्या युक्त्या पुन्हापुन्हा वापरतात हे लेकरांना दाखवायचं असेल, तर दहा पुस्तकं लागत नाहीत. एक पुस्तक आणि त्याच्यावरचा एक सिनेमा पुरतो. मी एल. फ्रँक बॉम यांचं १९०० सालचं 'द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ' घेते आणि त्यावरचा १९३९ चा सिनेमा. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये एम काकी आणि हेन्री काकांकडं वाढणारी डोरोथी ही अनाथ पोर वावटळीत घरासकट उडून ऑझ या जादूच्या मुलखात पडते आणि घरी परतायची वाट शोधते, अशी ती गोष्ट.

आधी पुस्तक संपवा. सिनेमा आधी दाखवला की पडद्यावरचे चेहरे डोक्यात बसतात आणि लेकरं स्वतः काही बघेनाशी होतात. पुस्तकाची २४ छोटी प्रकरणं आहेत. आदल्या रात्री तीन वाचून ठेवते आणि वर्गात आपल्या बोलीत सांगते. आठ शनिवारांत होतं.

पहिल्या पानावर मात्र अजिबात घाई करू नका. कॅन्ससचं माळरान, नांगरलेली जमीन उन्हानं भाजून करडी पडलेली, तिला भेगा. गवतही हिरवं राहिलेलं नाही. घराचा रंग उडालाय, एम काकीच्या डोळ्यांतली चमक गेलीय, ती हसत नाही. एवढं सांगून मी गप्प बसते. मागच्या वर्षी एक मुलगी म्हणाली, "बाई, हे तं आपल्याकडचा मे महिना हाय." मेमध्ये आमच्या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. मग विचारायचं: लेखकानं एवढा करडा रंग का फासला? उत्तर त्यांच्यातूनच येतं, पुढचा ऑझचा हिरवा उठून दिसावा म्हणून. सिनेमानं हेच रंगानं केलं. कॅन्सस तपकिरी छटेत, ऑझ रंगीत.

गोष्टींत पुन्हापुन्हा येणाऱ्या अशा युक्त्यांना अभ्यासक कल्पनाबंध म्हणतात. वर्गात आम्ही 'खूण' म्हणतो. खुणेचं नाव तुम्ही आधी फळ्यावर लिहू नका. लेकरांना सापडली की मगच लिहा, तीही त्यांच्याच शब्दांत. 'आईबापाविना लेकरू' ही खूण त्यांना लगेच सापडते, कारण घरच्या कहाण्यांत ती भेटलेली असते. तिथं फार थांबायचं कारण नाही.

थांबायचं ते डोरोथीला वाटेत भेटणाऱ्या तीन सोबत्यांपाशी. बुजगावण्याला मेंदू हवा, पत्र्याच्या लाकूडतोड्याला काळीज, सिंहाला धीर. पोरांना वही काढायला लावा आणि प्रत्येक प्रकरणानंतर लिहायला सांगा: आज अडचणीतून वाट कुणी सुचवली? दरी लागली तेव्हा पुढं कोण झालं? तिसऱ्या शनिवारी वही स्वतःच बोलायला लागते. लाकूडतोड्याच्या पायाखाली एक किडा मरतो, तर तो इतका रडतो की त्याचा जबडा गंजून बसतो. हा प्रसंग सांगताना वर्गात कुणी बोलत नाही. मग एखादं लेकरू हळूच म्हणतं, "त्याच्याकडं तं हाय की काळीज." जे शोधायला निघाले ते आधीपासूनच जवळ होतं, ही या गोष्टीतली सर्वांत मोठी खूण. ती तुम्ही सांगून टाकलीत तर आठ शनिवार वाया गेले समजा.

आता सिनेमा. एका दिवसात संपवू नका. जिथं पुस्तकापेक्षा वेगळं घडतं तिथं थांबवा, कारण बदलाच्या जागीच खुणा उघड्या पडतात. पुस्तकातले डोरोथीचे चांदीचे जादूचे बूट सिनेमात माणकाचे लाल झाले, कारण रंगीत चित्रपटात लाल रंग खुलून दिसतो. हे पटकन सांगून पुढं जा. पुस्तकात पश्चिमेची चेटकीण समोर येते बाराव्या प्रकरणात. सिनेमात मात्र कॅन्ससमध्येच सायकलवरून एक खाष्ट बाई येते आणि तीच नटी पुढं चेटकीण होते. दोन तासांच्या आत उरकायचं तर वैरी लवकर दिसायला हवा.

पण खरा तास पाण्याच्या बादलीवर घ्या. पुस्तकात चेटकीण कपटानं डोरोथीला पाडते, तिचा एक बूट बळकावते आणि डोरोथी रागानं बादली तिच्या अंगावर रिकामी करते. सिनेमात बुजगावण्याला आग लागते, डोरोथी ती विझवायला पाणी फेकते आणि ते चेटकिणीवर पडतं. दोन्हीकडं ती विरघळून जाते. माझ्या मते सिनेमाला नायिका निर्मळ ठेवायची होती. लेकरांना हे पटतंच असं नाही. एक पोरगी ठासून म्हणाली, "पुस्तकातली बरी. बूट तिचाच व्हता ना!" मला तिचं म्हणणं पटलं.

शेवटचा तास घरी परतण्याचा. सिनेमात डोरोथी अंथरुणात जागी होते, म्हणजे सगळं स्वप्न. पुस्तकात ती माळावर येऊन पडते आणि समोर नवं घर दिसतं, जुनं वावटळीत उडालं म्हणून हेन्री काकांनी बांधलेलं. माझ्या वर्गात निम्मी लेकरं ऊसतोडीच्या घरची आहेत. दिवाळीनंतर कोयता घेऊन आईबाप कारखान्याकडं निघतात, काही लेकरं सोबत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तिथल्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, मोडून परततात. म्हणून इथं मी मत देत नाही, फक्त विचारते: ती गेली होती की नाही? पुस्तकातून पुरावा काढा.

मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो त्या वर्षी मार्चमध्ये परत आला होता, उठून म्हणाला, "गेली व्हती. आपण नसताना गावात नवं घर उभं राहतं, तव्हाच कळतं किती दिवस गेले ते."

ते वाक्य मी फळ्यावर लिहिलं. घंटा झाली तरी पुसलं नाही.